अहिराणी गाणी, क्लासच्या नोट्स आणि चोरटे चॅनल: तक्रार करायची तर कोणत्या क्रमाने?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

लग्नसराईच्या तोंडावर अहिराणी गाणं यूट्यूबवर येतं. दोन दिवसांत तेच गाणं, कोपऱ्यातला लोगो पुसून किंवा त्यावर स्वतःचा चिकटवून, सुरतपासून कल्याणपर्यंतच्या चॅनलांवर फिरायला लागतं. जळगाव-धुळ्याच्या स्पर्धा परीक्षा क्लासचंही तेच. सकाळी वर्गात वाटलेली पीडीएफ संध्याकाळी टेलिग्रामवर. यावर आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात, 'केस ठोकून द्या' आणि 'जाऊ द्या, जाहिरात होते'. दोन्ही अर्धवट आहेत, म्हणून हा धागा. ज्यांना प्रक्रिया ठाऊक आहे त्यांनी तपशिलात लिहावं. चोर लबाड असतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर प्रतिसाद खर्ची घालू नयेत.

माझं मत असं. आपल्या भागातली बहुतेक प्रकरणं चोर हुशार म्हणून हरत नाहीत. गाणं आपलंच आहे हे दाखवणारा कागद मालकाकडे नसतो, म्हणून हरतात. कागद झाला की दुसरं काम तक्रारीचं नव्हे, मोजणीचं. एक साधी एक्सेल शीट करा: लिंक, चॅनलचं नाव, चॅनलचा आयडी, दिसल्याची तारीख, व्ह्यूज, त्यावर जाहिरात चालते का, पूर्ण प्रत की तुकडा, काय केलं, उत्तर कधी आलं. चॅनलचं नाव आणि हँडल कधीही बदलता येतं, यूसीने सुरू होणारा आयडी बदलत नाही. तो लिहून ठेवला नाही तर महिन्याभराने त्याच माणसावर नव्याने शोधमोहीम काढावी लागते.

शीट भरली की ओळी आपोआप वेगळ्या पडतात. पूर्ण गाणं टाकून जाहिरातीचे पैसे खाणारा एक, हळदीच्या रीलला वीस सेकंद वापरणारी मुलगी दुसरी, आणि पेन ड्राइव्हमध्ये किंवा टेलिग्रामवर पैसे घेऊन विकणारा तिसरा. तिघांना एकच नोटीस पाठवणारा मालक दुसरीला दुखावतो, पहिल्याला सावध करतो आणि तिसऱ्यापर्यंत पोचतच नाही.

ॲड_खान्देश

कागदाबद्दल लिहितो, कारण खरी गळती तिथेच आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे एका गाण्यात निदान तीन वेगळे हक्क असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. व्हिडिओ असेल तर तो चौथा. ध्वनिमुद्रणाचा आणि व्हिडिओचा कर्ता निर्माता, म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याने घेतली तो. तासाच्या भाड्यावर रेकॉर्डिंग करून देणारा स्टुडिओ मालक होत नाही, हार्ड डिस्क त्याच्या कपाटात असली तरी. गायक ध्वनिमुद्रणाचा मालक नसतो, पण त्याला कलावंत म्हणून वेगळे हक्क आहेत. शब्द गीतकाराचे आणि चाल संगीतकाराची. ते निर्मात्याकडे यायचे तर लेखी आणि सही केलेला करार लागतो, असं कलम १९ सांगतं. 'तोंडी ठरलं होतं, दोन हजार दिले होते' याला किंमत नाही.

करार केला तरी चार ठिकाणी लोक हमखास अडकतात.

मुदत लिहिली नसेल तर करार पाच वर्षांचाच धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. यूट्यूब जगभर चालतं, म्हणून 'संपूर्ण जग' हे दोन शब्द लिहा. हक्क मिळाल्यापासून एक वर्षात वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो हक्क परत जातो. आठ गाणी एकदम घेऊन सहा पेटीत ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, ते करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर मिळत नाही. जुन्या सीडीच्या जमान्यातल्या करारावर आज रीलचे हक्क सांगणारे भेटतात. त्यांनी आपला करार केव्हाचा आहे ते आधी पाहावं.

गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क याच दुरुस्तीने पक्का केला आहे, तो करारात सोडून देता येत नाही. 'सर्व हक्क कायमचे सोडले' असं छापलेलं वाक्य त्या भागापुरतं निकामी. नोटरीचा शिक्का मारला म्हणजे यातलं काही दुरुस्त होतं असंही नाही.

नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीपासूनच असतो. तरी करावी, कारण नोंदवहीतली नोंद हा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा. ऑनलाइन फॉर्म १४ भरायचा. शुल्क शब्दांना किंवा संगीताला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,०००, चित्रपटाला ५,०००. डायरी क्रमांक मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, प्रमाणपत्र त्यानंतर बऱ्याच काळाने येतं. तक्रारीला डायरी क्रमांकाची पावती जोडली तरी थोडा उपयोग होतो.

मिक्सिंगवाला

यूट्यूबचं मी लिहितो. लोक सगळ्याला 'स्ट्राइक मारला' (चॅनलवर कॉपीराइटचा ठपका बसवला) म्हणतात, पण तिथे तीन वेगळ्या वाटा आहेत.

पहिली हाताने भरायची काढून टाकण्याची विनंती. यूट्यूब स्टुडिओत कॉपीराइट विभागात मिळते. त्यात एक पर्याय सात दिवसांच्या मुदतीचा असतो. समोरच्याने सात दिवसांत व्हिडिओ स्वतः काढला तर त्याला स्ट्राइक बसत नाही. नात्यागोत्यातला चॅनल असेल, गावातलं पोर असेल, तर हाच पर्याय निवडावा. त्याच फॉर्मवर पुढच्या प्रती अडवण्याची एक टिकखूण असते, ती बहुतेक जण बघतच नाहीत. तात्काळ काढला तर समोरच्याला स्ट्राइक बसतो. ९० दिवसांच्या आत असे तीन झाले की चॅनल बंद होण्याच्या टोकाला येतं. फॉर्मवर दिलेलं मालकाचं नाव समोरच्याला दिसतं, म्हणून घरगुती टोपणनाव न लिहिता करारातलंच नाव द्या.

दुसरी वाट कॉपीराइट मॅच टूल. हे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण प्रत शोधून दाखवतं. पहिला अपलोड कोणाचा ते वेळेवरून ठरतं. आपल्याकडे गायकाच्या चॅनलवर गाणं संध्याकाळी सहाला आणि निर्मात्याच्या चॅनलवर आठला येतं, आणि मग टूल निर्मात्याला काहीच का दाखवत नाही असा प्रश्न पडतो. मालकाच्या चॅनलवर आधी चढवा, बाकीचे नंतर. व्हिडिओ आरशासारखा उलटवला, भोवती चौकट लावली, आवाजाचा वेग किंवा पट्टी बदलली की टूलच्या हातून सुटतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा हाताने शोधणं आहेच. शोधताना गाण्याचं नाव अहिराणी, मराठी आणि रोमन लिपीतल्या चार-पाच स्पेलिंगने टाकून पाहा. चोरांच्या शीर्षकात शुद्धलेखन नसतं.

तिसरी कंटेंट आयडी, म्हणजे आपल्या गाण्याशी जुळणाऱ्या प्रती आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा. छोट्या निर्मात्याला यूट्यूब ती थेट देत नाही, गाणी प्लॅटफॉर्मवर पोचवणाऱ्या वितरक कंपनीमार्फत मिळते. फायदा मोठा. प्रत सापडली की ती अडवायची, नुसती नजरेखाली ठेवायची की तिच्यावरच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे, हे ठरवता येतं. गाणं चालत असताना पैसे वळवणंच शहाणपणाचं. दुसऱ्याच्या चॅनलवर जमलेले प्रेक्षक फुकटात आपल्या हिशेबात येतात.

पण कंटेंट आयडीत सगळ्यात जास्त घोळ बीटचा होतो. इंटरनेटवरून स्वस्तात घेतलेली किंवा कीबोर्डमध्ये आधीपासून असलेली लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) शंभर जणांकडे असते. तीवर बांधलेलं गाणं कंटेंट आयडीत दिलं की त्याच लूपवरच्या इतर नव्याण्णव गाण्यांवर दावे लागतात, तेही उलटे वाद घालतात, आणि वितरक वैतागून तुमचं पूर्ण खातंच थांबवतो. एकमेव मालकीची बीट नसेल तर ते गाणं कंटेंट आयडीत देऊच नका, हाताने तक्रारी करा.

तेच गाणं दोन वितरकांना देणं हा दुसरा घोळ. दोघे मालकी सांगतात, वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. आयएसआरसी क्रमांकाचीही काळजी घ्या. बारा अक्षरांचा हा क्रमांक एका ध्वनिमुद्रणाला एकच असतो, भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते. वितरक बदलला तरी तोच ठेवायचा, रीमिक्सला मात्र नवा. आणि गायकाचा चॅनल सवलतीच्या यादीत (ज्यांच्यावर दावा लावायचा नाही त्यांच्या) टाकायला विसरू नका, नाहीतर पहिला दावा आपल्याच माणसावर जाऊन बसतो आणि भाऊबंदकी सुरू.

भरीत_पार्टी

मिक्सिंगभाऊ, डीजेवाल्यांचं काय? वरातीत आपलंच गाणं वाजतं, तेच पोर रात्री 'फुल बास मिक्स' म्हणून यूट्यूबला टाकतं. दोन्ही चोरीच ना?

ॲड_खान्देश

नाही. कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभातल्या वादनाला सूट आहे, आणि त्याच्या स्पष्टीकरणात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक कार्यक्रमही घेतलेले आहेत. वरातीत वाजवणाऱ्या डीजेच्या मागे लागून हाती काही येणार नाही. तोच डीजे तुमचं ध्वनिमुद्रण फेरफार करून अपलोड करतो तेव्हा ती सूट संपते. त्याने खाली 'क्रेडिट मूळ गायकाला' लिहिलं तरी फरक पडत नाही.

मिक्सिंगवाला

यात धंद्याचं गणितही आहे. खान्देशात गाणं लग्नातूनच पसरतं. डीजे मंडळींना निर्मात्याने स्वतःच चांगल्या दर्जाची फाइल द्यावी, सोबत एका पानाची लेखी परवानगी: कार्यक्रमात वाजवा, रीमिक्स करायचं तर आधी विचारा, अपलोड फक्त आमच्या चॅनलवर तुमच्या नावासकट. बास मिक्सला मागणी आहे म्हणून तो होतो. मालकाने अधिकृत बास मिक्स त्याच दिवशी काढला तर चोरट्याला उरतं काय?

तापीखोरे

मी उलट बाजूने लिहितो. छोट्या गायकाचं गाणं पाच चॅनलांनी उचललं म्हणूनच ते पाचोऱ्याच्या बाहेर गेलं, असं अनेकदा घडतं. पहिल्याच गाण्यावर तक्रारींची तोफ लावली तर लोक पुढच्या गाण्याला हात लावत नाहीत. नवशिक्याने सहा महिने गप्प बसावं आणि नाव होऊ द्यावं, असं मला वाटतं.

गिरणाकाठ

तापीभाऊ, अर्धं मान्य. गप्प बसणं वेगळं आणि बेसावध असणं वेगळं. त्या सहा महिन्यांत शीट भरत राहा आणि करार करून ठेवा. नाव झाल्यावर 'इतके दिवस का बोलला नाहीत' असं समोरचा म्हणतो तेव्हा तारीखवार नोंद हवी. शिवाय गाणं उचलणाऱ्याने नाव ठेवलं असेल तरच नाव होतं. लोगो पुसलेल्या प्रतीने होतं ते त्याच्याच चॅनलचं.

तापीखोरे

लोगो पुसलेल्यांबद्दल हरकत नाही. रीलवाल्यांना मात्र कोणी हात लावू नये, एवढं म्हणणं कायम.

सातपुडा_पायथा

क्लासवाल्यांची बाजू कोणी घेतली नाही म्हणून लिहिते.

पीडीएफला पासवर्ड लावणं म्हणजे दाराला दोरी बांधणं, तो मिनिटात निघतो. उपयोगी पडतो वॉटरमार्क, पण तोही कडेला नको. कडेचा भाग कापला जातो. पानाच्या मधोमध, तिरका, अक्षरं वाचता येतील इतका फिकट आणि प्रत्येक पानावर थोडा सरकलेला हवा. त्यात विद्यार्थ्याचा पूर्ण मोबाइल नंबर टाकण्याची पद्धत पडली आहे, ती बंद करा. फाइल फुटली की त्या पोराचा किंवा पोरीचा नंबर हजारो लोकांपुढे जातो. प्रवेश क्रमांकाचा कोड टाका, यादी आपल्याकडे ठेवा. कोडही पुसणारे असतात, म्हणून प्रत्येक बॅचच्या प्रतीत एखाद्या उदाहरणातले आकडे किंवा प्रश्नांचा क्रम मुद्दाम वेगळा ठेवा. कुठल्या बॅचमधून फुटलं ते त्यावरून कळतं.

व्हिडिओसाठी स्वतःचं अँड्रॉइड ॲप असेल तर त्यात फ्लॅग सिक्युअर ही सेटिंग लावायला सांगा, स्क्रीन रेकॉर्डिंग काळं येतं. दुसऱ्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे ते चालत नाही. तिथे चित्रावर सरकत राहणारा कोड हाच इलाज. अनलिस्टेड यूट्यूब लिंकवर पैसे घेऊन वर्ग चालवणाऱ्यांनी कसलीच अपेक्षा ठेवू नये. लिंक ज्याच्याकडे गेली त्याचा वर्ग.

टेलिग्रामची तक्रार त्यांच्या डीएमसीएच्या (अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याच्या) ईमेल पत्त्यावर करायची. 'अमुक चॅनलवर आमच्या नोट्स आहेत' असं मोघम लिहून काही होत नाही. सार्वजनिक चॅनलमध्ये प्रत्येक संदेशाला स्वतःची लिंक असते, शेवटी संदेशाचा क्रमांक असतो. तशी एकेक लिंक, तिच्यासमोर आपल्या मूळ फाइलचं नाव आणि पान. खासगी गटातल्या संदेशांवर ते काहीही करत नाहीत, म्हणून सार्वजनिक चॅनलवर असतानाच लिंका आणि पडदाचित्रं घेऊन ठेवा.

दिल्ली उच्च न्यायालयाचा ३० ऑगस्ट २०२२ चा आदेश इथे कामाचा आहे. नीतू सिंग विरुद्ध टेलिग्राम. त्या स्पर्धा परीक्षेच्याच शिक्षिका, त्यांची पुस्तकं आणि व्याख्यानं टेलिग्राम चॅनलांवर फिरत होती. आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथला कायदा माहिती देऊ देत नाही, हा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितलं. वकिलाकडे जाताना हे नाव सांगा.

आणि चॅनलवर प्रवेश फी घ्यायला यूपीआयचा क्यूआर लावलेला असेल तर त्याचं पडदाचित्र सगळ्यात आधी घ्या. चॅनल दहा वेळा नव्याने निघतं, बँक खातं इतक्या सहज बदलत नाही. खात्यावरून माणूस सापडतो.

लळिंग

पडदाचित्रांचा विषय निघालाच आहे तर पुराव्याचं नीट सांगतो. नुसता मोबाइलचा स्क्रीनशॉट पुढे टिकत नाही.

संगणकावर पान उघडा, पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. चॅनलच्या पानापासून व्हिडिओपर्यंत जा, मध्ये थांबू नका, निदान मिनिटभर गाणं वाजू द्या, वर्णनाचा भाग उघडून दाखवा, जाहिरात आली तर ती वगळू नका. रेकॉर्डिंगची फाइल, पानाची पीडीएफ आणि आपलं मूळ प्रोजेक्ट, म्हणजे वेगवेगळे ट्रॅक, कच्चं शूटिंग, पहिली निर्यात केलेली फाइल, हे सगळं एका फोल्डरमध्ये. मग प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर सर्टयूटिल आधीपासून असतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. आलेला आकडा वहीत किंवा ईमेलवर तारखेसह ठेवा. नंतर फाइल एका अक्षराने जरी बदलली तरी हॅश बदलतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग: अ भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश लिहायचा असतो. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या छापील नमुन्यावर सही घेणारे अजून सापडतात, तो घेऊ नका. (गंमत म्हणजे कॉपीराइट कायद्यातलं शिक्षेचं कलमही ६३ च. अर्जात कोणत्या कायद्याचं ते लिहिलं नाही तर ठाण्यात गोंधळ होतो.)

फाइल व्हॉट्सॲपवरून फिरवू नका. तिथे व्हिडिओ दाबला जातो आणि हॅश वेगळा येतो. पेन ड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक बरी.

भरीत_पार्टी

पोलिसांत जायचं का मग? ठाण्यात गेलं की 'हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा' म्हणतात, असं ऐकतो.

ॲड_खान्देश

सिव्हिल मॅटर म्हणून परत पाठवता येत नाही. निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ ला सांगितलं की कॉपीराइटच्या कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे, दंड ५०,००० ते दोन लाख. माल जप्त करण्याचा अधिकार कलम ६४ ने उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला दिला आहे. गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, गाणं चोरीला गेलं म्हणून तिथे फोन करू नका.

आपल्याकडच्या एमपीडीए कायद्यात, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या रांगेत, २००९ पासून व्हिडिओ पायरेट्सही बसवले आहेत. तो स्थानबद्धतेचा कायदा, तुमच्या रीलवाल्यासाठी नव्हे. अर्जात त्याची धमकी लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं.

माझा सल्ला: पैसे घेऊन विकणाऱ्यासाठी पोलीस, प्लॅटफॉर्मवरच्या प्रतीसाठी प्लॅटफॉर्म, आणि वारंवार करणाऱ्या ओळखीच्या माणसासाठी दिवाणी दावा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. चोर सुरतला असला तरी अमळनेरच्या निर्मात्याला सुरतेला खेटे घालावे लागत नाहीत. दाव्याचं मूल्य तीन लाखांपासून पुढे असेल तर तो वाणिज्यिक वाद होतो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागितलेला नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची. अपील-रिटसाठी खान्देशच्या तिन्ही जिल्ह्यांना औरंगाबाद खंडपीठ.

नोटिशीत 'पाच लाख द्या नाहीतर जेल' असं लिहू नका. हक्क नसताना धमकी दिली तर त्याच कायद्याच्या कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा लावू शकतो.

कळणाची_भाकर

वेबसाइटवर आख्खं पुस्तक किंवा चित्रपट असेल तर? तिथे तक्रारीचा फॉर्मच नसतो.

लळिंग

फॉर्म नसतो, पण साइट हवेत चालत नाही. बहुतेक चोरट्या साइट क्लाउडफ्लेअर या मधल्या सेवेच्या आड असतात, त्यामुळे खरा सर्व्हर दिसत नाही. क्लाउडफ्लेअरच्या गैरवापर फॉर्मवर तक्रार टाकली की ते ती मूळ होस्टकडे (साइट ज्याच्या सर्व्हरवर आहे त्या कंपनीकडे) पाठवतात आणि होस्ट कोण ते तुम्हाला कळवतात. मग होस्टच्या गैरवापर पत्त्यावर स्वतंत्र तक्रार. त्याच वेळी गूगलच्या फॉर्मवर शोधनिकालातून पानं काढायची विनंती. इथे साइटचं मुखपृष्ठ देऊन चालत नाही, जिथे फाइल आहे त्या पानाचा पूर्ण पत्ता हवा. पान निकालातून गेलं तरी साइटवर राहतं, पण शोधून येणारं गिऱ्हाईक तुटतं. गूगल अशा विनंत्या ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहाला पाठवतं, म्हणून अर्जात घरचा पत्ता, आधार वगैरे कोंबू नका.

भारतीय मध्यस्थाला (म्हणजे इतरांनी टाकलेला मजकूर साठवणाऱ्या किंवा दाखवणाऱ्या कंपनीला) लिहायचं असेल तर कॉपीराइट नियम २०१३ चा नियम ७५ वापरा. लेखी तक्रारीत कामाचं वर्णन, आपण मालक किंवा एकमेव परवानाधारक असल्याचा तपशील, प्रत नेमकी कुठे आहे, ती कलम ५२ च्या सवलतीत का बसत नाही, टाकणारा माहीत असेल तर तो, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी. मध्यस्थाने ३६ तासांत पाऊल उचलायचं असतं. २१ दिवसांत आदेश गेला नाही तर तो प्रत पुन्हा खुली करू शकतो. शेवटची हमी वाचून लोक दचकतात, म्हणून वकिलाशी बोलूनच ही वाट धरा.

सेन्सॉर प्रमाणपत्र असलेला चित्रपट असेल तर तो मार्ग वेगळा आणि जलद. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती-प्रसारण खात्याने नोडल अधिकारी नेमले, तक्रारीवर ४८ तासांत कारवाईचं धोरण आहे. प्रमाणपत्र नसलेल्या यूट्यूब गाण्याला ही वाट नाही.

गिरणाकाठ

लोकल केबलचं राहिलं. चॅनलवर दुपारी विनापरवाना चित्रपट आणि गाणी लावणं अजून बंद नाही. केबल कायदा १९९५ प्रमाणे प्राधिकृत अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त. आपल्याकडे आयुक्तालय नाही, म्हणून अर्ज प्रांताकडे. सोबत टीव्हीचं रेकॉर्डिंग, चॅनलचा लोगो दिसेल असं.

कळणाची_भाकर

आणखी एक. श्रावणात कानबाईची (खान्देशातल्या देवीची) गाणी निघतात. एकाने कंटेंट आयडीत दिलं की बाकीच्यांच्या कानबाईवर दावे बसतात. कानबाईचा मालक कोण?

ॲड_खान्देश

पारंपरिक चालीचा आणि शब्दांचा कोणी नाही. तुमच्या ध्वनिमुद्रणाचा आणि नव्याने केलेल्या संगीतरचनेचा मालक तुम्ही. शेजारच्या गावच्या मंडळाने तेच गाणं स्वतःच्या गळ्यातून गायलं तर ती चोरी नाही. बहिणाबाईंच्या कवितांचं तसंच. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, संग्रह १९५२ मध्ये निघाला. मरणोत्तर प्रकाशनाला पुढच्या वर्षापासून ६० वर्षे मोजतात, म्हणून त्या आवृत्तीतले शब्द २०१२ अखेर सगळ्यांचे झाले. त्यांना नंतर कोणी दिलेली चाल आणि ध्वनिमुद्रण यांचं संरक्षण मात्र वेगळं.

मिक्सिंगवाला

तांत्रिक बाजू: वितरकाला फाइल देताना पारंपरिक तुकडे, शंखनाद, टाळ्या, आरती हे कंटेंट आयडीच्या जुळवणीसाठीच्या संदर्भ फाइलमधून वगळायला सांगा. खोटा दावा आलेल्याने घाबरून व्हिडिओ काढू नये, हरकत नोंदवावी. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात. त्याने उत्तर दिलं नाही तर दावा आपोआप सुटतो.

भरीत_पार्टी

आणि आपण काढायला लावलेल्या व्हिडिओवर समोरच्याने उलट नोटीस दिली तर? तेच जास्त ऐकू येतं, सुरतवाले सरळ 'आमचंच गाणं आहे' लिहितात.

ॲड_खान्देश

यूट्यूब ती उलट नोटीस तुम्हाला पाठवतं, त्यात त्याचं नाव-पत्ता असतो. इतके दिवस न सापडलेला माणूस तिथे लेखी सापडतो. तुमच्याकडे अमेरिकेतले कामकाजाचे दहा दिवस असतात, तेवढ्यात न्यायालयात दाद मागितल्याचा पुरावा अपलोड करायचा, नाहीतर व्हिडिओ परत येतो. दहा दिवसांत करार शोधायचा, गीतकाराची सही घ्यायची, हॅश काढायचा आणि दावा लिहायचा हे होत नाही. म्हणून मोठ्या चॅनलवर विनंती टाकण्याआधीच दाव्याचा मसुदा, वकीलपत्र आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र तयार ठेवा. ते तयार नसेल तर आधी सात दिवसांचा पर्याय टाकून पाहा.

भरीत_पार्टी

हाई बरं सांगं भो. म्हणजे गीतकाराच्या सहीपासून सुरुवात.

ॲड_खान्देश

हो. आणि सही घेताना मुदत, प्रदेश आणि माध्यमं कोरी ठेवलेला छापील नमुना वापरू नका. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो भाडेकराराचा असतो.